रेनकोटाचे आकडे वाचण्याआधी त्याचा बेत पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि दुकानांच्या काचेआड कोटासारखा दिसणारा रेनकोट झळकू लागतो. त्याला कॉलर असते, लॅपल (छातीवर उलटी वळलेली पट्टी) असते, कमरेला पट्टा आणि पाठीला योक (खांद्यांवरचा आडवा जोडतुकडा) असतो. कापड मात्र गिर्यारोहकांच्या जॅकेटचे, आतून पातळ पडदा चिकटवलेले. हा कोट घालून कचेरीत जाता येते आणि कोसळत्या पावसातही चालते, असे त्याचे वर्णन केलेले असते. कल्पना खरोखर चांगली आहे; पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला वर्षातले चार महिने नेमके हेच हवे असते. पण या कोटांबद्दल जे छापून येते ते सगळे कापडाबद्दल: दहा हजार मिलिमीटर, वीस हजार मिलिमीटर (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसते त्याचे माप), हवा खेळती ठेवणारे, वगैरे. कोट बेतला, म्हणजे मापाने आखून कापला, कसा आणि शिवला कसा, याची एक ओळही नसते. गळतो मात्र तो बहुतेक वेळा बेतातल्या किंवा शिवणीतल्या चुकीने. आम्ही कपडे बेतणारी आणि बेतायला शिकवणारी माणसे आहोत, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

हे दुखणे दोनशे वर्षांचे आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये नॅप्थात विरघळवलेले रबर दोन कापडांमध्ये भरून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. कापड पाणी अडवत होते. शिंप्यांनी ते नेहमीच्या कोटासारखे शिवले आणि सुईच्या भोकांतून पाणी आत आले. बोल लागला कापडाला. शेवटी कारखान्यालाच कोट शिवण्याचे काम अंगावर घ्यावे लागले. टॉमस बर्बरी यांनी १८७९ मध्ये उलट वाट धरली. गॅबर्डिनसाठी त्यांनी सूत विणण्याआधीच जलरोधक केले आणि मग ते दाट तिरप्या विणीत विणले. त्यामुळे कापडावर इस्त्री चालली, सुई चालली, शिंप्याची सगळी कारागिरी चालली. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक, झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. त्याचे ‘गोर-टेक्स’ हे कापड १९७६ पासून बाजारात आले, पण त्याचे कपडे भरवशाचे झाले ते शिवणीवर आतून टेप चिकटवण्याची पद्धत रुळल्यावर. तेव्हाही कापड आधी तयार झाले होते आणि ते शिवायचे कसे हे मागून उमगले.

कोटाची शिलाई आणि हे कापड यांचे स्वभावच जुळत नाहीत. लोकरीच्या कोटाला आकार येतो तो इस्त्रीने. लोकर वाफेवर आक्रसते, ताणली जाते आणि थंड झाल्यावर तशीच राहते. म्हणून मास्तर बाहीचा माथा (तिची वरची गोल कड) मुंढ्यापेक्षा (कोटातल्या बाही जोडायच्या गोलाईपेक्षा) ३ ते ४ सेंटिमीटर मोठा बेततो आणि जास्तीचे कापड वाफेने जिरवतो. पाठीचा खांदा पुढच्या खांद्यापेक्षा सुमारे १ सेंटिमीटर लांब ठेवून तोही जिरवतो. छातीचा उठाव, कॉलरची वळण, सगळे याच रीतीने. पडदा चिकटवलेले नायलॉन किंवा पॉलिएस्टर असे जिरत नाही. जोरात वाफ दिली तर आकार येण्याऐवजी पडदा सुटतो आणि कापडावर फुगे येतात. वर लोकर आणि आत पडदा असे इटालियन कापड मिळते, पण त्यातही पडद्याने धरून ठेवलेली लोकर नेहमीइतकी आक्रसत नाही. म्हणजे या कापडाला आकार द्यायला शिवण हा एकच मार्ग उरतो, आणि पाणी शिरते तेही शिवणीतूनच. गुडघ्यापर्यंतच्या कोटात १२ मीटर शिवण धरली तर ३ मिलिमीटरच्या टाक्याने ४,००० भोके पडतात, २ मिलिमीटरच्या टाक्याने ६,०००. आकारासाठी शिवणी वाढवाव्या लागतात आणि कोरडे राहण्यासाठी त्या कमी कराव्या लागतात. चांगला मास्तर ही ओढाताण कागदावर, बेतातच सोडवतो. वाईट कोटात ती गिऱ्हाइकाच्या खांद्यावर येऊन सुटते.

सर्वाधिक चुका बाहीत होतात, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. सूटसारखी बसवलेली बाही या कापडात हवीच असेल तर माथ्याची जादा लांबी १ सेंटिमीटरच्या आत आणावी लागते. नुसता माथा कापून लहान केला तर बाही अरुंद होते आणि हात पुढे नेला की पाठ आवळते. त्यासाठी मुंढा थोडा उथळ करून माथ्याची उंची कमी करायची आणि बाहीची रुंदी वाढवायची. बाही मग शर्टाच्या बाहीकडे झुकते, हात खाली सोडला की काखेत थोडी चुणी दिसते. ती दिसू द्यावी. ती घालवण्याच्या नादात माथ्यात कापड कोंबले तर शिवणीवर बारीक चुण्या येतात, त्या चुण्यांवर टेप सपाट बसत नाही आणि प्रत्येक चुणी पाण्याची पन्हळ होते. दुसरी गोष्ट अशी की मुंढ्याची शिवण गोल असते. सरळ टेप गोल शिवणीवर आतल्या कडेला गोळा होते, बाहेरच्या कडेला ताणली जाते आणि काही धुण्यांनंतर तिथूनच उचलते.

यामुळेच आमचे मत ठाम आहे: शहरी पावसाळी कोटासाठी रॅग्लान बाही. काखेपासून गळ्यापर्यंत जाणारी तिची शिवण जवळजवळ सरळ असते. खांद्याच्या माथ्यावरून दुसरी शिवण आली तरी तीही सरळच, म्हणून टेप नीट बसते. स्कॉटिश बाल्मकान कोट असा असतो: रॅग्लान बाही, साधी उलटी कॉलर, खाली घेर. टोकियोच्या नानामिका या कंपनीने गोर-टेक्सचा कोट याच बेतात काढला. जुना बेत आणि नवे कापड कुठे एकमेकांना त्रास देत नाहीत, हे पाहायला तो उत्तम नमुना आहे. बसवलेली बाहीच हवी असेल तर खांद्याची शिवण माथ्यावरून २.५ ते ३ सेंटिमीटर पुढे सरकवावी आणि वरून अखंड योक घ्यावा. माथ्यावर पाऊस उभा पडतो, तिथे शिवण नसलेली बरी. पाठीच्या खांद्याचा तो १ सेंटिमीटर याच योकच्या शिवणीत डार्ट, म्हणजे निमुळती चिमटी, म्हणून लपवता येतो, इस्त्रीची गरजच उरत नाही.

आता लॅपल. सूटच्या कोटात छातीचा कॅनव्हास (आकार धरणारे आतले ताठ कापड) वरच्या कापडाला शेकडो बारीक हातटाक्यांनी जोडतात, त्याने लॅपल गोलाईत वळते. या कापडाला असा एकही टाका चालत नाही. मग काही कारखाने गरम दाबाने चिकटणारे बकरम वापरतात. ते बहुतेकदा १३० ते १५० अंशांच्या तापमानावर चिकटते, आणि पुष्कळसे पडद्याचे कापड तर लेबलवरच्या एका ठिपक्याच्या, म्हणजे ११० अंशांच्या इस्त्रीपुरतेच असते. पडदा सुटतो तो इथे. दोन पावसाळ्यांनी छातीवर फुगे आले तर गिऱ्हाईक कापडाला दोष देते, पण बिघाड चिकटवण्यात असतो. योग्य रीत अशी: कॅनव्हास बाहेरच्या कापडाला शिवायचाच नाही. तो आतल्या फेसिंगला (पुढच्या कडेच्या आतल्या पट्टीला) आणि अस्तराला टाक्यांनी जोडायचा आणि बाहेरच्या कापडाशी त्याची गाठ फक्त खांदा, मुंढा आणि पुढची कड यांच्या शिवणींत, मायेच्या (शिवणीपलीकडे सोडलेल्या कापडाच्या) आत घालून द्यायची. छातीवर कॅनव्हास मोकळा तरंगतो. लॅपलची घडी धरून ठेवणारी पट्टीही कॅनव्हासलाच लावायची आणि ती घडीच्या रेषेपेक्षा ५ ते ६ मिलिमीटर आखूड ठेवायची. बाहेरून एक भोक न पडता लॅपल वळते.

कॉलर मात्र एका तुकड्यात घडवण्याच्या भानगडीत पडू नये. स्टँड (मानेलगतची उभी पट्टी) वेगळा, कॉलर वेगळी असे दोन तुकडे करावेत. वरची कॉलर खालच्यापेक्षा बाहेरच्या कडेला ३ ते ४ मिलिमीटर मोठी बेतावी, कारण जाड कापड वळताना तेवढे खाते. ते सोडले नाही तर कॉलरची टोके वर उचलतात आणि पाणी थेट मानेत उतरते. लोकरीच्या कोटात खालची कॉलर उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कापतात. इथे उरेबचा फायदा फारसा मिळत नाही, उभ्या धाग्यात कापली तरी चालते.

काज आणि खिसे हे दोन दरवाजे आहेत आणि दोन्ही बहुतेक उघडेच ठेवलेले असतात. पुढच्या कडेवर आरपार काजे करून बटणे लावलेला कोट पावसात चालणार नाही, मग कापड कितीही भारी असो. काजे लपवलेल्या आतल्या पट्टीवर घ्यावीत, बाहेरची पट्टी अखंड राहावी आणि चेनच्या मागे आणखी एक पट्टी उलटी दुमडून तिची पन्हळ करावी, म्हणजे आत आलेले पाणी खालून निघून जाते. दुहेरी छातीच्या कोटाचा मोठा पल्ला, म्हणजे एका बाजूवर दुसरी येणारा भाग, पावसात कामाला येतो. एकेरी कोटात तोच गुण हवा तर पुढचा पल्ला ८ ते १० सेंटिमीटर घ्यावा. स्कूटरवर बसल्यावर पुढचा भाग मांडीवर फाकतो, तिथे हा पल्लाच पाणी अडवतो. कोटाच्या नेहमीच्या वेल्ट खिशासाठी कापड चिरावे लागते आणि चिरेच्या दोन टोकांना टेप कधीच पूर्ण बसत नाही. त्यापेक्षा झाकण असलेला वरून लावलेला खिसा किंवा बाजूच्या शिवणीतला खिसा निवडावा. वरून लावलेल्या खिशाच्या तळाला एक छोटे भोक ठेवावे, नाहीतर त्यात तळे साचते.

अस्तराबद्दल दुकानदारही बोलत नाहीत आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. कोट बाहेरून एक थेंब आत घेत नाही, टेप उत्तम, तरी संध्याकाळी गुडघ्यापासून वर शर्ट आणि पँट ओले. कारण अस्तर खालच्या दुमडीपर्यंत आणलेले असते. दुमडीवर लोंबणारे पाणी अस्तर दिव्याच्या वातीसारखे वर ओढते. सुती किंवा व्हिस्कोस अस्तर असेल तर ही चढण आणखी वाढते. उपाय अगदी स्वस्त आहे: अस्तर खालच्या कडेपासून ५ सेंटिमीटर आणि बाहीच्या टोकापासून ४ सेंटिमीटर वरच थांबवावे, मधली पट्टी बाहेरच्याच कापडाची घ्यावी आणि अस्तर पॉलिएस्टरच्या जाळीचे किंवा टॅफेटाचे असावे. कोट विकत घेताना खालची कड उलटून पाहिली तर हे दोन सेकंदांत कळते.

आता त्या ‘हवा खेळती ठेवणाऱ्या’ कापडाविषयी, कारण सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या, ३४ अंशांच्या त्वचेलगत हा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. लंडनच्या १० अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या दिवशी बाहेरचा दाब सुमारे १ किलोपास्कल, फरक ४.३. मुंबईत जुलैमध्ये २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरा, बाहेरचा दाब ३.२ होतो आणि फरक राहतो २.१. म्हणजे तेच कापड, तीच किंमत, आणि वाफ ढकलणारा जोर जेमतेम निम्मा. शिवाय कापडाच्या वरच्या थराने पाणी शोषले की बाहेरची वाटही बंद होते. लेबलवरचा ‘२४ तासांत इतके ग्रॅम’ हा वाफेचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीचा असतो. दादरच्या पुलावरच्या गर्दीला तो लागू करता येत नाही. युरोप-जपानच्या थंड पावसासाठी बेतलेला कोट जशाचा तसा इथे आणला तर माणूस पावसाने नाही भिजला तरी घामाने भिजतो आणि त्याला वाटते कोट गळला.

आपल्याकडच्या पावसाचे उत्तर आपल्याकडे होते. कोकणात भातलावणीला डोक्यावरून पाठीवर घेतात ते इरले पाहा. बांबूच्या कामट्या आणि मध्ये पाने. त्यातून वाफ बिलकूल जात नाही. तरी माणूस दिवसभर वाकून लावणी करतो, कारण इरले अंगाला चिकटत नाही आणि खालून, पुढून सगळे मोकळे असते. हवा त्याच्या बेतातूनच खेळते. शहरी कोटातही तेच करावे लागेल. ट्रेंच कोटाच्या पाठीवर जो वरचा सुटा योक असतो तो केवळ शोभेला ठेवू नये: त्याखालचे मुख्य कापड कापून जाळी लावावी आणि सुटा योक त्या कापाच्या खाली किमान ८ ते १० सेंटिमीटर उतरेल असा ठेवावा. पाणी वरून ओघळून जाते, गरम हवा जाळीतून वर येऊन योकखालून निघते. काखेत प्रत्येकी चार पितळी आयलेट (कडी बसवलेली भोके), आतला व्यास ८ मिलिमीटर. काखेवर पाऊस उभा पडत नाही, म्हणून ती गळत नाहीत. छातीच्या मापात १४ ते १६ सेंटिमीटर ढिलाई. आपण कोटाखाली फक्त शर्ट घालतो म्हणून ती १० वर आणायचा मोह होतो, पण मग शर्ट पडद्याला चिकटतो आणि हवेला जागाच उरत नाही. खालचा घेर छातीच्या मापापेक्षा ३० ते ४० सेंटिमीटर जास्त असला की चालताना कोट भात्यासारखा हवा आत-बाहेर करतो. चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी घ्यावी. हे सगळे असेल तर साधे पॉलियुरेथेन लेप दिलेले कापडही महागड्या पडद्यापेक्षा सुखाचे ठरते.

मिलिमीटरच्या आकड्याचेही तसेच. १०,००० मिलिमीटर म्हणजे कापड १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, सुमारे १ किलो दर चौरस सेंटिमीटर, सहन करते. पायी चालणाऱ्याला ५,००० पुष्कळ झाले. पाठीवर सॅक असेल तर पट्ट्याखाली दाब वाढतो, स्कूटरवर बसल्यावर बुडाखालीही. तिथे १०,००० घ्यावे. २०,०००साठी जादा पैसे देण्यापेक्षा ते पैसे शिलाईला द्यावेत. आणि हा आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नसतो, हे तर कधीच विसरू नये.

शिवणाऱ्यांसाठी काही नेमक्या गोष्टी. सुई बारीक आणि अणकुचीदार टोकाची, पातळ कापडाला ७० नंबर, तीन थरांच्या कापडाला ८०. बोथट सुई भोक पाडण्याऐवजी पडदा फाडते. टाका ३ मिलिमीटर. दोरा पूर्ण पॉलिएस्टरचा. सुती वेष्टनाचा दोरा पाणी आत ओढतो. टाचण्या लावायच्याच असतील तर मायेच्या आत, एरवी कपड्यांचे छोटे चिमटे. धावदोराही मायेतच. मेणाचा खडू वापरू नये, त्यावर टेप धरत नाही. कापड मशीनच्या दाबपायाखाली अडकते म्हणून काही कारागीर सिलिकॉनचा फवारा मारतात. त्याने शिलाई सोपी होते आणि टेप मात्र कायमची निकामी. त्याऐवजी टेफ्लॉनचा दाबपाय (प्रेसर फूट) बसवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उसवायचे नाही. लोकरीत चुकलेली टीप उसवली की भोके वाफेने बुजतात, इथे ती कायम राहतात. त्यामुळे ट्रायल या कापडावर घेताच येत नाही. आधी स्वस्त कापडाचा पूर्ण कोट कच्चा शिवून त्यावर फिटिंग करावे आणि मगच खऱ्या कापडाला कातर लावावी. ज्या गिऱ्हाइकाला हा वेळ आणि खर्च मान्य नसेल त्याला तयार कोट घ्यायला सांगणे प्रामाणिकपणाचे.

टेप साधारण २० ते २२ मिलिमीटर रुंद असते. शिवणीची माया दोन्ही बाजूंना ५ ते ६ मिलिमीटरवर छाटली तरच टेपच्या दोन्ही कडा मायेच्या पलीकडे, थेट कापडाच्या पाठीवर चिकटतात. माया १ सेंटिमीटर ठेवली तर टेप मायेवरच संपते आणि तिच्याखालून पाणी सरकते; दिसायला काम सुबक, पण उपयोग शून्य. कारखान्यात गरम हवेचे यंत्र शेकडो अंशांची हवा टेपच्या गोंदावर सोडते आणि लगेच रोलर दाबतो. दुकानात असे यंत्र नसेल तर इस्त्रीने चिकटणारी टेप मिळते: तुकड्यावर आधी करून पाहायचे, वर टेफ्लॉनचा कागद ठेवायचा, इस्त्री न घसरवता १० ते १५ सेकंद दाबायची, आणि पूर्ण थंड होईपर्यंत कापड हलवायचे नाही. गरम असताना ओढून पाहण्याची घाई केली की गोंद अर्धवट सुटतो आणि पुन्हा नीट धरत नाही. दोन शिवणी जिथे एकमेकींना छेदतात, उदाहरणार्थ काखेत, तिथे जाडी पायरीसारखी वाढते आणि टेपखाली पोकळी राहते. तिथली माया तिरकी छाटावी आणि टेपवर २.५ सेंटिमीटरचा गोल ठिगळ-तुकडा आणखी दाबावा. काखेत चार शिवणी एका बिंदूत आणण्याऐवजी बाहीची शिवण १.५ सेंटिमीटर पुढे सरकवली तर हा प्रश्नच निम्मा होतो.

तपासणी दुकानातही करता येते. शिवण मध्ये येईल अशी कापडाची झोळी करून तीत १० सेंटिमीटर पाणी ओतावे, खाली टिश्यू पेपर ठेवावा आणि तासभर थांबावे. हा दाब फक्त १०० मिलिमीटरचा आहे, म्हणून यात पास झालेली शिवण १०,०००ची ठरत नाही. पण यातच गळणारी शिवण घेऊन गिऱ्हाइकाला पावसात पाठवू नये, एवढे नक्की कळते.

ज्यांना प्लास्टिकचा स्पर्शच नको, त्यांच्यासाठी व्हेंटाइल आहे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडलेले, लांब धाग्याच्या कापसाचे अतिशय दाट विणलेले कापड. ओले झाले की त्याचे धागे फुगतात आणि वीण बंद होते. त्यावर इस्त्री चालते, हाताचे टाके चालतात, टेप लागत नाही. इथे दोऱ्याचा नियम उलटा: सुती दोराच वापरायचा, कारण तो भोकात फुगून भोक बुजवतो. मात्र ओले झाल्यावर ते जड आणि ताठ होते आणि मुंबईच्या हवेत रात्रभरात वाळत नाही. पुण्याच्या ऑगस्टमधल्या रिमझिमीला ते शोभते, मुंबईच्या जुलैला नाही.

निगेबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या डोक्यावरच्या तेलाशी निगडित आहे. कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते वरच्या रासायनिक लेपामुळे. पूर्वीचे फ्लोरिनयुक्त लेप पाणी आणि तेल दोन्ही झटकत. ती रसायने निसर्गात विघटित होत नाहीत म्हणून आता मागे पडत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण नवे लेप तेल झटकत नाहीत. केसांचे तेल आणि मानेचा घाम लागून कॉलर व बाहीची टोके सर्वांत आधी पाणी पिऊ लागतात. यासाठी कॉलरला आतून बटणांची, काढून धुता येणारी सुती पट्टी करून घ्यावी. कोट न धुणे म्हणजे जपणे, हा समज सोडावा: द्रव साबणाने, सॉफ्टनरशिवाय धुवावा, वाळल्यावर कापड मध्ये ठेवून अगदी कमी उष्णतेची इस्त्री फिरवावी, थेंब पुन्हा घरंगळू लागतात. पावसाळा संपल्यावर घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटतात. हँगरवर, हवेशीर जागी ठेवलेला कोट काही वर्षे जास्त टिकतो.

आता ज्यांच्या हातात काही आहे त्यांच्याकडे मागण्या. केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. मुंबईत वरळीला सस्मिरा आणि घाटकोपरला बीटीआरए या वस्त्रसंशोधन संस्था आहेत, इचलकरंजी आणि भिवंडीत माग आहेत. कापडाची बाजू आपल्याकडे भक्कम होऊ शकते. शिलाईची बाजू तेवढ्याच गांभीर्याने उभी राहिली पाहिजे. आयटीआयच्या एक वर्षाच्या सोइंग टेक्नॉलॉजी अभ्यासक्रमात पडदा चिकटवलेल्या (लॅमिनेट) कापडावर निदान दोन आठवड्यांचा प्रत्यक्ष सराव असावा: रॅग्लान बेत, तरंगता कॅनव्हास, टेप आणि पाण्याची चाचणी. उत्पादकांनी लेबलवर कापडाच्या आकड्याशेजारी शिवणीवर घेतलेल्या चाचणीचा आकडा छापावा आणि सर्व शिवणींना टेप आहे की फक्त खांद्याला, हे स्पष्ट लिहावे. आपल्या पुरवणीत अशा कोटांची ओळख छापताना एवढे तीन प्रश्न विचारले जावेत: टेप कुठे कुठे आहे, अस्तर कुठे थांबते, आणि हवा कुठून बाहेर जाते.

आणि विक्रेत्यांनी प्रत्येक कोटासोबत त्याच कापडाचा १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक तुकडा आणि अर्धा मीटर टेप द्यावी. जादा बटण देतोच की आपण. आज कोटाला दरवाज्याचा खिळा लागून बोटभर चीर गेली तर जुळणारी टेप किरकोळीत मिळणे अवघड, म्हणून तो कोट फेकला जातो. तुकडा हाताशी असेल तर गल्लीतला शिंपी आतून गोल ठिगळ लावून अर्ध्या तासात तो पुन्हा पावसाजोगा करून देईल.

आपले,
शिवणकाम व कटिंग शिकवणारे काही प्रशिक्षक आणि कारागीर, पुणे